सात रात्रींची परवानगी

शिडीच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर उभं राहून फ्यूजताईंनी छताचा चौकोनी पत्रा वर ढकलला आणि त्या खांद्यापर्यंत आत शिरल्या. खालून आता फक्त त्यांची खाकी पँट आणि खिशातून डोकावणारी पक्कड दिसत होती.

"सापडलं का, ताई?" शिडी धरून उभ्या असलेल्या नव्या डॉक्टरने विचारलं.

"काय सापडायचंय?"

"या दिव्यांचं बटण."

"बटण नाहीच आहे," छतातून आवाज आला. "वायरी कुठून कुठे गेल्यात ते बघायला चढले मी. बटण नाही हे चढायच्या आधीच ठाऊक होतं."

"नाही म्हणजे? दिव्याला बटण नाही असं कसं होईल?"

"होतं. मीच काढलंय ते. सतरा वर्षं झाली."

नव्या डॉक्टरने मान वर करून पाहिलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा तो वॉर्ड. बारा काचेच्या पेट्या, प्रत्येकीत तळहाताएवढं एक मूल, आणि वर चोवीस ट्यूब. या डॉक्टरला इथे येऊन जेमतेम महिना झाला होता. महिन्याभरात ती पहाटे आली, दुपारी आली, मध्यरात्री आली. वॉर्डात वेळ एकच असायची. पांढरी फटक.

फ्यूजताई खाली उतरल्या, हात झटकले. रुग्णालयात वायरमनच्या जागेवर लागलेल्या त्या पहिल्याच बाई. हजेरीपटावर 'वायरमन' असंच लिहिलेलं. त्यावर पहिल्या वर्षी बरेच विनोद झाले आणि शेवटी कुणीतरी 'फ्यूजताई' हे नाव ठेवलं, ते चिकटलं. या वॉर्डाची त्यांना विशेष मिजास होती. शहराची वीज गेली, पावसाचं पाणी तळघरात शिरलं, जनरेटर रुसला, काहीही होवो, तिसऱ्या मजल्यावरचे हे चोवीस दिवे सतरा वर्षांत एक मिनिटही विझले नव्हते.

"बटण का काढलं?" डॉक्टरने विचारलं.

फ्यूजताईंनी शिडी मिटली. "मॅडमनी सांगितलं म्हणून."

मॅडम म्हणजे विभागप्रमुख. सतरा वर्षांपूर्वी त्या इथे नव्या होत्या, फ्यूजताईही नव्या. एका रात्री कामावरच्या बाईने जरा डोळा लागावा म्हणून दिवे मालवले. तेव्हा दहा मुलांत मॉनिटर एकच. एक मूल निळं पडलं आणि ते कुणाला दिसलं नाही. सकाळी मॅडम स्वतः बटणांपाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे सगळं काढून टाक, पुन्हा कुणाचा हात पोचता कामा नये. त्या दिवसापासून मॅडम रात्री-अपरात्री कधीही वॉर्डात उगवत. दिवे बघत, मुलं बघत, आणि कुणी पेंगत तर नाही ना ते बघत.

नव्या डॉक्टरने हे सगळं ऐकून घेतलं. 

"ताई, आईच्या पोटात काय असतं? अंधार. यांना अजून दोन-दोन महिने तिथेच राहायचं होतं. आपण बाहेर काढलं आणि बाजारपेठेत नेऊन ठेवलं. रात्रच नाही यांना. झोप लागते न लागते तोच दचकतात. आणि मुलं वाढतात ती झोपेत." ती सात नंबरच्या पेटीकडे वळली. "हिला बघा. पाच दिवस झाले, वजन एक हजार नव्वदवर अडून बसलंय. दूध पचतंय, ताप नाही, काही नाही. नुसती दचकते."

वॉर्डात मुलांना जन्माच्या वजनावरून ओळखत. सात नंबरचं नाव होतं नऊशे ऐंशी. तिची आई बस कंडक्टर. वीस दिवसांपासून ती पेटीशेजारच्या स्टुलावर बसून होती, दोन्ही हात मांडीवर, जणू बस सुटायची वाट बघतेय.

फ्यूजताईंनी काचेतून पाहिलं. पोरीने डोळे गच्च मिटले होते. कपाळाला आठ्या. मुठी आवळलेल्या. पलीकडे ट्रॉलीचं चाक कुरकुरलं तशी ती आख्खी हादरली.

आपण जे सतरा वर्षं डोळ्यांत तेल घालून जपलं, ते या पोरीच्या डोळ्यांत जातंय, असं कुणी सांगितलं तर माणसाला राग यायला हवा. फ्यूजताईंना यायला लागलाही होता. पण त्यांची नजर त्या आठ्यांवरून हटेना.

"दोन सर्किटं करावी लागतील," त्या म्हणाल्या. "भसकन अंधार नको. टप्प्याटप्प्याने कमी होईल असं बटण बसवू. आणि प्रत्येक पेटीला स्वतःचा छोटा दिवा, सिस्टरच्या हाताशी. चार दिवसांचं काम आहे."

"म्हणजे तुम्ही करणार?"

"मॅडम हो म्हणाल्या तर."

मॅडम हो म्हणाल्या नाहीत. पहिल्यांदा म्हणाल्या, नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, वाचलेत मी तुम्ही दिलेले ते सगळे लेख, तरी नाही. तिसऱ्यांदा नवी डॉक्टर मोठ्या सिस्टरना घेऊन गेली. मोठ्या सिस्टर कमी बोलत. त्या एवढंच म्हणाल्या, "आता बाराला बारा मॉनिटर आहेत, मॅडम. आणि माझ्या पोरी पेंगत नाहीत."

मॅडमनी बराच वेळ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवलं.

"सात रात्री," त्या म्हणाल्या. "नऊ ते पाच. प्रत्येक मुलाला दर पंधरा मिनिटांनी छोटा दिवा लावून बघायचं. आणि फ्यूजताई सातही रात्री बटणापाशी बसेल. हात बटणावर. एका मुलाला जरी काही झालं, तरी सगळं पूर्ववत."

त्या चार दिवसांत फ्यूजताईंना वीस वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं. वायरींच्या केसिंगच्या पट्ट्या कापल्या, ड्रिलचा आवाज मुलांना नको म्हणून भोकं हाताने पाडली. एकेका पेटीच्या डोक्याशी त्यांनी लवचीक मानेचा दिवा बसवला, त्यावर औषधांच्या डब्यांचं पुठ्ठ्याचं टोपडं घातलं, म्हणजे उजेड मुलाच्या अंगावर पडेल, डोळ्यांवर नाही. ट्रॉलीच्या चाकांत तेल सोडलं. फोनची घंटा काढून त्याला बारका लाल दिवा जोडला. घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसत सुटला. तो बेकरीत कामाला, पहाटे तीनला उठून जाणारा.

"दिवे लावायला ठेवलेली बाई, आणि विझवायचा पगार घेणार!"

"विझवत नाही, मंद करतेय," फ्यूजताई म्हणाल्या. पण त्यांनाही हसू आलं.

पहिल्या रात्री नऊला पाच मिनिटं कमी असताना वॉर्डात सगळे उभेच होते. बसायचं कुणाला सुचत नव्हतं. नवी डॉक्टर पेट्यांमधून येरझारा घालत होती. दोन तरुण सिस्टरनी एकमेकींचा हात धरला होता. कंडक्टर स्टुलावरून उठून पेटीला बिलगून उभी.

"करू?" फ्यूजताईंनी विचारलं.

मोठ्या सिस्टरनी मान हलवली.

त्यांनी बटण एक घर फिरवलं. पांढरा उजेड पिवळसर झाला. आणखी एक घर. भिंती मागे सरकल्या. आणखी एक. आता कोपरे नाहीसे झाले, छत नाहीसं झालं, आणि मॉनिटरचे हिरवे आकडे तेवढे हवेत तरंगत राहिले. शेवटचं घर फ्यूजताईंनी सगळ्यांत सावकाश फिरवलं.

अंधार झाला. काळोख नव्हे, दारातून व्हरांड्याचा अंधुक पट्टा येत होता, माणसांच्या आकृती कळत होत्या. पण सतरा वर्षांत या खोलीने असं काही पाहिलं नव्हतं.

पहिली गंमत अशी झाली की कुणी सांगितलं नव्हतं तरी सगळ्या कुजबुजायला लागल्या. उजेडात ज्या सिस्टर वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारत, त्या आता जवळ जाऊन कानात बोलत. पाऊल जपून पडू लागलं. मग अर्ध्या तासाने फ्यूजताईंना एक आवाज ऐकू आला. बारीक, ओलसर, एकावर एक येणारा. त्यांनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग एखादी ट्यूब गुणगुणतेय का ते बघायला वर पाहिलं. वर तर सगळं बंद होतं.

"सिस्टर, हा कसला आवाज?"

मोठ्या सिस्टर ऐकत राहिल्या. मग त्यांनी तोंडावर हात धरला.

"श्वास," त्या म्हणाल्या. "अगंबाई, हे श्वास घेतायत."

सव्वाबाराला कंडक्टर अंधारातून चाचपडत बटणापाशी आली. तिने फ्यूजताईंचं मनगट पकडलं.

"या ना जरा. एकच मिनिट."

"मला इथून हलता येत नाही हो. हुकूम आहे."

"मग मी सांगते. तिची मूठ उघडलीय." तिने स्वतःची मूठ उघडून दाखवली. "सव्वीस दिवसांत पहिल्यांदा बघतेय मी. पाच बोटं आहेत तिला. म्हणजे, होतीच, मला ठाऊक होतं, पण…"

ती तशीच हसत परत गेली.

सकाळी वजनं झाली. नऊशे ऐंशी, एक हजार पंच्याण्णव. पाच ग्रॅम. नवी डॉक्टर म्हणाली, पाच ग्रॅमने काही होत नाही, काट्याचाही फरक असू शकतो. आणि हे म्हणताना ती जवळजवळ नाचत होती. दुसऱ्या सकाळी एक हजार एकशे दहा.

तिसऱ्या रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी सात नंबरचा मॉनिटर ओरडला.

प्राणवायूचा हिरवा आकडा लाल झाला होता आणि खाली येत होता. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याऐंशी. चौऱ्याहत्तर. त्यांचं बोट बटणावर होतं. एक झटका, आणि चोवीस दिवे. बोटाला तेवढंच करायची सवय होती.

पण त्या ओरडण्याशिवाय खोलीत दुसरा आवाजच नव्हता, त्यामुळे सगळ्या माना एकदम तिकडे वळल्या होत्या. पेटीचा छोटा दिवा लागला. उजेडाच्या लहानशा गोलात मोठ्या सिस्टरचे हात दिसले, एक पाठीखाली, एक तळपायाला चोळणारा. मागे न बघता त्यांनी कोपराने खूण केली. नको.

फ्यूजताईंनी बोट आवरलं. त्यांनी आयुष्यात एवढं जड काम केलं नव्हतं.

शहात्तर. त्र्याऐंशी. नव्वद. शहाण्णव.

पोरीने एक सुस्कारा सोडला. बाकीच्या अकरा पेट्यांत कुणी कूसही बदलली नाही.

सकाळी आठला मॅडमच्या खोलीत नवी डॉक्टर नोंदवही उघडून उभी राहिली. गेल्या महिन्यात, भर दिव्यात, याच मुलीचा प्राणवायू तीनदा असाच उतरला होता. एकदा तर गलक्यात कुणाचं लक्ष जायलाच अकरा सेकंद लागले होते. काल तीन सेकंदांत सिस्टरचा हात पेटीत होता.

"आकडे मला दाखवू नका," मॅडम म्हणाल्या. त्यांनी फ्यूजताईंकडे पाहिलं. "तू तिथे होतीस. छोटा दिवा लागायच्या आधी मुलीचा रंग दिसत होता?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही," फ्यूजताई म्हणाल्या.

मॅडमनी मान हलवली, जणू त्यांना ठाऊकच होतं. "बघते," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या.

त्यानंतरचे दिवस वॉर्ड दुहेरी आयुष्य जगला. मॅडम राउंडला आल्या की सगळे चिडीचूप, आणि त्यांची पाठ वळली की सगळ्यांचे डोळे काट्याकडे. चौथ्या सकाळी वजन एक हजार एकशे पंचवीस. पाचव्या सकाळी तेवढंच, आणि कुणी नाश्ता केला नाही. सहाव्या सकाळी एक हजार एकशे पंचावन्न! आणि एकटी तीच नाही. चौदाशे दहा, अकराशे साठ, ते जुळे, सगळेच चढत होते. कंडक्टरने वजनं जाहीर करायचं काम आपणहून पत्करलं होतं. थांब्याची नावं पुकारावीत तशी ती एकेका पेटीपाशी पुकारत जायची, "चौदाशे दहा, आज चौदाशे नव्वद! चला, पुढे चला!" ज्या आयांनी आठवडा-आठवडा तोंड उघडलं नव्हतं त्या खुदखुदायला लागल्या.

"सात दिवसांनी काही सिद्ध होत नाही हं," नवी डॉक्टर प्रत्येकीला बजावत होती. "अजून पुष्कळ मुलं बघावी लागतील."

"तुमचं सिद्ध होऊ दे सावकाश," कंडक्टर म्हणाली. "माझी झोपतेय."

फ्यूजताई मात्र दिवसा घरी खिडकीवर जाड चादर टांगूनही टक्क जाग्या राहत होत्या. चादरीच्या कडेने उजेडाची एक रेघ यायची आणि नेमकी त्यांच्या पापणीवर बसायची. आजवर त्यांनी अशी रेघ कधी मोजली नव्हती. ती चिकटपट्टीने बंद करता करता दुपार सरायची, आणि डोक्यात एकच, मॅडम काय ठरवतील?

सातव्या रात्री अकरा वाजता दारातल्या अंधुक पट्ट्यात एक सावली आली. मॅडम. घरच्या कपड्यांत, पायात सपाता, हातात घडी केलेला कागद.

तरुण सिस्टर ताठ झाल्या. नवी डॉक्टर पुढे झाली.

"चालू द्या तुमचं," मॅडम हलकेच म्हणाल्या. त्यांचाही आवाज आपोआप उतरला होता. त्यांनी एक खुर्ची ओढली, सात नंबरच्या पेटीशेजारी ठेवली आणि कागद मांडीवर घेऊन बसल्या. पाठ सरळ, नजर मॉनिटरवर.

बारा वाजले. सिस्टर पंधरा मिनिटांनी आली, दिवा लावून बघून गेली. साडेबारा. मॅडमची नजर मॉनिटरवरून खाली आली आणि त्या उघड्या मुठीवर थांबली. एक वाजता सिस्टर पुन्हा आली, तेव्हा तिने दिवा लावला नाही. ती वळली आणि तिने फ्यूजताईंना हातवारे करून बोलावलं. मग मोठ्या सिस्टरनी हुकूम बाजूला ठेवून बटणाचा ताबा स्वतः घेतला आणि फ्यूजताई सात रात्रींत पहिल्यांदा तिथून हलल्या.

मॅडमची मान खांद्यावर कलली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला होता. त्यांचा श्वास मुलांच्या श्वासांपेक्षा सावकाश चालला होता. झोप वरवरची नव्हती. खालचा ओठ सुटला होता.

कागद जमिनीवर पडला होता. फ्यूजताईंनी तो उचलला. पेटीचा छोटा दिवा सिस्टरने लावला, मुलीला बघितलं, आणि त्या दोन सेकंदांत फ्यूजताईंनी चार ओळी वाचल्या. उद्यापासून विभागातील सर्व दिवे पूर्ववत चोवीस तास चालू ठेवावेत. नव्याने बसवलेली बटणे काढून टाकावीत. खाली मॅडमची सही.

दिवा मालवला.

फ्यूजताईंनी कागदाची घडी केली आणि तो मॅडमच्या मांडीवर, त्यांच्या हाताखाली सरकवला. एका सिस्टरने चादर आणून पांघरली. बटणापाशी परत आल्यावर मोठ्या सिस्टरनी भुवया उंचावल्या. फ्यूजताईंनी मान हलवली. सांगण्यासारखं काही नाही.

पाच वाजले. मोठ्या सिस्टरनी घड्याळाकडे बोट दाखवलं. फ्यूजताईंनी बटणावरचा हात काढून घेतला आणि दोन्ही हात घडी घालून बसल्या. मोठ्या सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पोरींना खूण केली आणि सकाळचं दूध छोट्या दिव्यांवर सुरू झालं.

खिडक्या राखाडी झाल्या, मग पांढऱ्या. सव्वासहाला मॅडम जाग्या झाल्या. त्यांनी चादरीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि क्षणभर त्यांना आपण कुठे आहोत ते कळलं नाही असं वाटलं. मग त्या झटक्यात उठल्या आणि पेटीत वाकल्या. पोरगी दूध पिऊन पुन्हा झोपली होती. गुलाबी होती.

"किती वाजले?"

"सव्वासहा."

मॅडमनी छताकडे पाहिलं. "पाचला दिवे लागायचे होते."

"हो."

"मग?"

"एक जण झोपलं होतं," फ्यूजताई म्हणाल्या.

कागद मॅडमच्या हातात होता. त्यांनी एक घडी घातली होती. आता त्यावर दोन होत्या. त्यांनी बोट त्या दुसऱ्या घडीवरून फिरवलं.

"वाचलास."

"हो."

"काल संध्याकाळी लिहिला मी."

तेवढ्यात आयांच्या खोलीतून कंडक्टर केस बांधत आली आणि मागून काट्याची ट्रॉली, बिनआवाजाची. वजनं लिहायची म्हणून नोंदवहीसाठी शोधाशोध सुरू झाली. ती रात्री नवी डॉक्टर खालच्या मजल्यावर घेऊन गेली होती.

"राहू दे," मॅडम म्हणाल्या. त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. कागद उलटा केला, मागची कोरी बाजू वर घेऊन गुडघ्यावर सपाट केला आणि फ्यूजताईंपुढे हात पसरला. "पेन दे."

फ्यूजताईंनी दिलं.

"हां. सांगा."

"एक हजार एकशे ऐंशी!" कंडक्टर थांबा आल्यासारखी ओरडली, आणि तीन पेट्यांत एकदम रडं सुरू झालं.

"हळू बोल ना गं," मॅडम कुजबुजल्या, आणि आकडा लिहून पुढच्या पेटीकडे खुर्ची सरकवली.